रॅलीची टीम धंदा म्हणून चालवायची असेल तर टॅक्सचं गणित असं मांडा

कुठल्याही मोटर रॅलीच्या सर्विस पार्कात, म्हणजे टीम गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, थोडा वेळ उभं राहिलात की हा प्रश्न कानावर पडतोच, एवढा पैसा ओततोय तर टीम धंदा म्हणून दाखवून टॅक्स नाही का वाचवता येणार. शेजारचा कुणीतरी लगेच म्हणतो, येतो की, अमक्यानं वाचवलाय. अमक्यानं वाचवला असेलही, पण अमक्याचं स्वतःचं गॅरेज असतं आणि विचारणारा हिंजवडीत नोकरीला असतो, सगळी गोम तिथंच आहे. आपल्याकडच्या कायद्यात टीमचा तोटा कामाला येतो की नाही हे गाडीवरून ठरत नाही, तुमची बाकीची कमाई कुठून येते त्यावरून ठरतं. म्हणून आधी ते बघू, मग रजिस्ट्रेशन, बिलं, जीएसटी वगैरे.

एक आधीच सांगून ठेवतो, १ एप्रिल २०२६ पासून १९६१चा इन्कम टॅक्स कायदा जाऊन त्याजागी २०२५चा नवीन कायदा आहे. कलमांचे नंबर बदलले, पगार सोडून बाकी टीडीएसची कलमं एका ३९३ नंबरात कोंबली, पण इथं लिहिलेल्या गोष्टींचा गाभा फारसा हललेला नाही. खाली जुनेच नंबर लिहितोय, कारण सगळ्यांच्या तोंडात अजून तेच बसलेत.

नोकरदार असाल तर हे आधी वाचा

जुन्या कायद्याचं कलम ७१, त्यातलं पोटकलम २ए. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. बस, एवढंच. पगार ३० लाख आहे, रॅलीवर सीझनमध्ये ६ लाख घातले, स्पॉन्सरकडून दीड लाख आले, म्हणजे साडेचार लाख तोटा, तर हा साडेचार लाख पगारातून वजा करून टॅक्स कमी भरायचा हा जो प्लॅन डोक्यात असतो तो इथंच संपला. फॉर्म १६ मध्ये कापलेला टॅक्स रिफंड मिळेल म्हणून टीम काढत असाल तर नका काढू.

पण तोटा वाया जातो असंही नाही. त्याच वर्षी एफडीचं व्याज असेल, फ्लॅटचं भाडं असेल, शेअर विकून फायदा झाला असेल तर त्यातून तो वजा करता येतो. समजा ८० हजार व्याज आहे, तर तेवढ्यावरचा टॅक्स वाचतो, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ही रक्कम पंचवीस हजारांच्या आसपास येते. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो पण पुढच्या वर्षांत फक्त धंद्याच्याच नफ्यातून वजा होतो, आणि तेसुद्धा रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. उशिरा भरलं की त्या वर्षीचा धंद्याचा तोटा पुढे जात नाही. गाडीच्या डेप्रिसिएशनचं, म्हणजे दरवर्षी तिच्या किमतीत धरलेल्या घटीचं, तेवढं वेगळं, ते वापरलं गेलं नाही तर त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही.

आता नोकरदारांना कुणी सांगत नाही ती गोष्ट. तुम्हाला फक्त पगार असतो तेव्हा दरवर्षी मनाला येईल तसं जुनं रेजीम किंवा नवं रेजीम निवडता येतं. एकदा का रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते, नव्यातून बाहेर पडून जुन्यात गेलात तर परत नव्यात यायची संधी एकदाच, आणि नव्यात परत आलात की धंदा चालू आहे तोवर जुन्यात जाता येत नाही. ज्याचं होम लोन चालू आहे, एचआरए घेतोय, विम्याचे हप्ते भरतोय, त्यानं दीड लाखाच्या स्पॉन्सरसाठी हे करण्याआधी आकडेमोड करून बघावी. शिवाय आयटीआर-१ सुटतो आणि खरा तोटा दाखवायचा तर आयटीआर-३ गळ्यात पडतो, म्हणजे बॅलन्स शीट आली, सीएची फी आली.

सरकारी नोकरीत असाल तर विषय आणखी वेगळा. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत हौशी खेळाडू म्हणून भाग घ्यायला परवानगी लागत नाही पण खासगी धंदा करायचा तर लागते. म्हणजे रॅलीत गाडी चालवलीत तर कुणी काही म्हणणार नाही, टीमच्या नावानं बिलं फाडायला लागलात तर साहेब बोलावून घेतील. खासगी कंपनीतल्यांनी स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, दुसरा धंदा करणार नाही असं त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक सांगतात की रेस टीमचा तोटा दाखवून सगळा टॅक्स वाचवला, ते बघून आपली पोरं उड्या मारतात. तिकडे धंद्याचा तोटा पगारातून वजा होतो म्हणूनच तिथलं टॅक्स खातं हात धुवून मागे लागतं की हा धंदा आहे की छंद, पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवला तर धंदा असं धरून चालतात आणि नाही दाखवला तर पुरावा द्या म्हणतात. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहून वीकेंडला ट्रॅकवर जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथला सीए गाठावा, इथलं गणित तिकडे लागू नाही आणि तिकडचं इकडे नाही.

खरा फायदा कुणाचा

ज्याचं गॅरेज आहे, टायरचं दुकान आहे, अ‍ॅक्सेसरीजचा धंदा आहे, ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवतो, गाड्या ट्यून करून देतो, त्याचा. कारण त्याची मूळ कमाईच धंद्याची, त्यामुळे रॅलीचा खर्च हा त्या धंद्याचाच खर्च म्हणून बसतो, वेगळी टीम वेगळा तोटा असा घोळच नाही. कलम ३७ म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला पाहिजे, भांडवली नको आणि स्वतःचा घरगुती नको. गॅरेजवाल्यानं रॅली केली तर तो सांगू शकतो की साहेब, हे माझं टेस्टिंग आहे, हीच माझी जाहिरात आहे, ही बघा रॅलीनंतर सस्पेन्शन बसवायला आलेल्या गिऱ्हाइकांची बिलं.

पण हे नुसतं बोलून नाही भागत. गॅरेजचं नाव गाडीवर पाहिजे आणि ते वाचता येईल एवढं मोठं पाहिजे, गॅरेजच्या पेजवर रॅलीचे फोटो पाहिजेत, आलेल्या गिऱ्हाइकाला कुठून कळलं ते जॉब कार्डवर लिहायची सवय लावा, "रॅलीत गाडी बघितली" असं जॉब कार्डवर लिहिलेलं असलं की तो कागद दहा वकिलांच्या बरोबरीचा. खर्चाचं प्रमाणही बघा, गॅरेजची वर्षाची उलाढाल ४० लाख आणि रॅलीवर १८ लाख असं असेल तर कुणीही भुवया उंचावणार.

उलट बाजूही बघा. वडिलांचं मेडिकल स्टोअर आहे, पोरगा रॅली करतो, गाडीच्या काचेवर मेडिकलचं स्टिकर मारून बारा लाख जाहिरात खर्च टाकलाय. आता नाशिकच्या घाटात स्टेज, म्हणजे रॅलीचा वेळ मोजायचा टप्पा, बघायला आलेला माणूस क्रोसिन घ्यायला सांगलीला येणार आहे का? अधिकारी हेच विचारणार. वर कलम ४०ए(२) आहेच, नात्यातल्या माणसाला वाजवीपेक्षा जास्त दिलेला पैसा ते कापू शकतात. बिल्डर, हॉटेलवाले, वायनरीवाले यांचं जमून जातं कारण त्यांचं गिऱ्हाईक त्या गर्दीत असू शकतं, पण तिथंही बाजारात तेवढ्या जागेच्या जाहिरातीला दुसरा कुणी किती देतो याचा एखादा कागद फायलीत असू द्या.

धंदा आहे हे दाखवायचं कसं

आपल्या कायद्यात असा चेकलिस्ट नाही की एवढं केलं की धंदा. धंद्याच्या व्याख्येत व्यापारासारखं एखादंच साहसही बसतं, आणि सुप्रीम कोर्टानं १९५९ साली व्यंकटस्वामी नायडूंच्या केसमध्ये सांगितलं की एक असं सूत्र नाही, सगळी परिस्थिती एकत्र बघायची. म्हणजे हेतू काय, सातत्य आहे का, व्यवस्था आहे का. गंमत म्हणजे शर्यतीचे घोडे पाळणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळं कलमच होतं, ७४ए, त्यांचा तोटा फक्त घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा होणार आणि चारच वर्षं पुढे जाणार. गाड्यांच्या शर्यतीसाठी तसं काही लिहिलेलं नाही त्यामुळे आपण सर्वसाधारण नियमांत येतो, हे आपलं नशीब म्हणायचं.

मग कागदावर काय दिसलं पाहिजे, तर सीझन सुरू व्हायच्या आधी बनवलेलं बजेट, कुठल्या राउंड करणार त्याचं कॅलेंडर, किती कंपन्यांना प्रपोझल पाठवलं त्याचे ईमेल, अगदी नकार आलेलेसुद्धा. नकाराचे ईमेल डिलीट करू नका, पैसे कमवायचा प्रयत्न होता हे त्यांच्याइतकं दुसरं काही सांगत नाही. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स, एंट्रीच्या पावत्या, निकालपत्रक हे सगळं ठेवाच. आणि दोन-तीन सीझन पैसे बुडाले तर चौथ्या सीझनला काहीतरी बदललेलं दिसू द्या, मोठ्या गाडीवरून छोट्या क्लासमध्ये आलात, स्वतः चालवायच्या ऐवजी सीट भाड्यानं दिली, नवख्यांना ट्रेनिंग सुरू केलं. धंदेवाला माणूस तोटा झाला की काहीतरी हालचाल करतो, हौशी माणूस पुढच्या वर्षी आणखी महागडे टायर घेतो. सीट भाड्यानं देणं हा तर माझ्या मते छोट्या टीमसाठी सगळ्यात सरळ मार्ग आहे, गाडी तुमची, मेकॅनिक तुमचे, ड्रायव्हर पैसे देऊन चालवतो, त्यात उत्पन्न नक्की असतं आणि हौसेचा वास कमी येतो.

बक्षिसाचं काय

बक्षीस म्हणजे नशीब, त्यावर टॅक्स कशाला असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी केस आहे आणि ती नेमकी रॅलीचीच आहे. सत्तरच्या दशकात ऑल इंडिया हायवे मोटर रॅली झाली, जवळपास सात हजार किलोमीटरची, दिल्ली, मुंबई, मद्रास किंवा कलकत्ता कुठूनही निघायचं आणि फिरून तिथंच यायचं, ज्याचे पेनल्टी पॉइंट कमी तो पहिला. जी. आर. कार्तिकेयन पहिले आले आणि त्यांना एकूण २२,००० रुपये मिळाले, त्यातले २०,००० इंडियन ऑइलचे. खात्यानं टॅक्स लावला, ट्रिब्युनल आणि हायकोर्टानं काढला, आणि १९९३ साली सुप्रीम कोर्टानं परत लावला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की ही लॉटरी नव्हे, माणूस जिंकायला उतरला होता, कौशल्य आणि दमसास पणाला लावून मिळवलेला तो मोबदला आहे, म्हणजे ते उत्पन्नच.

ही केस आपल्या विरोधात वाटते पण नीट वाचली तर आपल्या कामाची आहे. लॉटरी, पत्ते, शर्यती, जुगार यातली जिंकलेली रक्कम सरसकट ३० टक्क्यांनी जाते, वर सेस, आणि त्यातून एक रुपया खर्च वजा होत नाही. टीम धंदा म्हणून चालत असेल, तर बक्षीस हे त्या धंद्याचं उत्पन्न, टायर, पेट्रोल, मेकॅनिक सगळं त्यातून वजा होऊन उरलं तर स्लॅबप्रमाणे, असं म्हणायला कौशल्याचा मोबदला हे कोर्टाचे शब्द उपयोगी पडतात. आयोजकानं लॉटरीचं कलम लावून ३० टक्के कापले असतील तर २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या तुमच्या नावच्या नोंदीत, कुठल्या कलमाखाली दिसतंय ते बघा आणि शक्य असेल तर पैसे मिळायच्या आधीच त्यांच्या अकाउंटंटशी बोलून घ्या, नंतर दुरुस्ती करून घेणं म्हणजे डोकेदुखी.

नाव, खातं, कागद

एकटाच असाल तर प्रोप्रायटरशिप पुरे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टचं नुसतं ऑनलाइन कळवणं असतं, ज्याला लोक अजून गुमास्ता म्हणतात, ते करा, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे ते करा, आणि या दोन कागदांवर टीमच्या नावानं करंट अकाउंट उघडा. प्रोफेशन टॅक्सची नोंदणी वर्षाला २,५०० रुपयांची आहे, पगारातून आधीच कापला जात असेल तर सीएला विचारून घ्या. मुख्य म्हणजे अकाउंट वेगळं. घरच्या किराण्याचा आणि ब्रेक पॅडचा खर्च एकाच खात्यातून गेला की पुढचं सगळं स्पष्टीकरण लंगडं पडतं.

चार मित्र मिळून करत असाल तर "कॉन्ट्रि काढू आणि चालवू" हे सगळ्यात वाईट, कारण लेखी काही नसलं तर खातं त्याला माणसांचा समूह धरून वेगळाच टॅक्स लावू शकतं आणि भांडण झालं की गाडी कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. पार्टनरशिप डीड करा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड दिसायला भारी असतं, मोठे स्पॉन्सर तसं मागतातही, पण साध्या पार्टनरशिपसारखाच तोटा त्या एलएलपीतच अडकतो, तुमच्या भाड्यातून किंवा व्याजातून वजा होत नाही, आणि नफा झाला तर एलएलपीला सरळ ३० टक्के. मित्रांकडून उसने पैसे रोख घेऊ नका, २०,००० आणि त्यापुढे रोख कर्ज घ्यायला बंदीच आहे.

स्पॉन्सरचं बिल, आणि फुकट मिळालेले टायर

करार एक पानाचा का असेना, पण करा. "टीमला सहकार्य" असं मोघम लिहू नका, काय देणार ते लिहा: बॉनेटवर २४ बाय १८ इंचाचा लोगो, ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटरच्या सूटवर उजव्या छातीवर लोगो, सीझनच्या चार राउंड, प्रत्येक राउंडनंतर दहा फोटो आणि एक रील, शोरूममध्ये दोन दिवस गाडी उभी करणार. विकायच्या आधी त्या रॅलीचे नियम वाचा, दारावर नंबरची आणि आयोजकाच्या जाहिरातीची जागा राखलेली असते, ती विकून बसलात तर स्क्रूटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीला, स्टिकर उतरवावं लागतं आणि स्पॉन्सर पैसे परत मागतो. जाहिरात म्हणून पैसे देणारी कंपनी बहुतेक १ किंवा २ टक्के टीडीएस कापते, ड्रायव्हरची फी म्हणून दिले तर १० टक्के. कापलेलं रिटर्नमध्ये तुमच्या टॅक्समधून वळतं होतं, त्यामुळे घाबरायचं नाही, पण दोन्हींत हातात येणाऱ्या पैशात बराच फरक पडतो म्हणून बिलावर शब्द नीट लिहा. कुणी म्हणालं सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या पैशातून देतो, तर सांभाळून, ज्यातून कंपनीची जाहिरात होते ती स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये बसत नाही, उद्या त्यांचा ऑडिटर अडवतो आणि तुमचा चेक लटकतो.

जीएसटी इथं जरा वाकडं चालतं. स्पॉन्सरशिपवर १८ टक्के आहे. तुम्ही प्रोप्रायटर असाल आणि स्पॉन्सर कंपनी किंवा पार्टनरशिप फर्म असेल तर जीएसटी तुम्ही लावायचा नाही, तो स्पॉन्सरनं रिव्हर्स चार्जमध्ये स्वतः भरायचा. तुमची टीम प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १६ जानेवारी २०२५ पासून उलटं झालंय, टॅक्स तुम्ही बिलात लावून भरायचा. सगळीच कमाई रिव्हर्स चार्जवाली असेल तर रजिस्ट्रेशनचीसुद्धा गरज नाही. स्पॉन्सर जर साधा प्रोप्रायटर असेल, गावातला सराफ किंवा हॉटेलवाला, तर रिव्हर्स चार्ज नाही, तिथं नेहमीची २० लाखांची मर्यादा बघायची, आणि ही मर्यादा पॅननुसार असते, म्हणजे गॅरेजची उलाढाल त्यात आली.

टायरवर, स्पेअरवर भरलेला जीएसटी परत घेऊ म्हणून हौसेनं नंबर काढणाऱ्यांसाठी वाईट बातमी, रिव्हर्स चार्जवाली विक्री ही क्रेडिटच्या हिशोबात माफ विक्रीसारखी धरतात, त्यामुळे तेवढ्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही. आणि तेरा सीटपर्यंतच्या प्रवासी गाड्यांचं, त्यांच्या रिपेअर आणि इन्शुरन्सचं क्रेडिट तसंही अडवलेलं आहे. ड्रायव्हिंग ट्रेनिंगसाठी वापरलेल्या गाडीला तिथं सूट आहे, म्हणून ट्रेनिंगचा धंदा खरोखर करणाऱ्यांनी ते कलम सीएसोबत बसून वाचावं, नुसतं नावाला ट्रेनिंग लिहून उपयोग नाही.

आता फुकटचा माल. कंपनीनं आठ टायर दिले, ऑइलचा बॉक्स दिला, हेल्मेट दिलं. पैसे आले नाहीत म्हणजे उत्पन्न नाही असं वाटतं ना? धंद्यातून मिळालेला वस्तूरूपी फायदा हे उत्पन्नच आहे, आणि १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलंय, वर्षात २०,००० च्या वर असा फायदा दिला तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस भरला जाईल हे बघायचं. म्हणजे ६० हजारांचे टायर देताना कंपनी तुम्हाला म्हणू शकते की आधी ६,००० अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरून चलान दाखवा. उत्पन्नात ६०,००० धरा आणि त्याच वेळी टायरचा खर्च म्हणून ६०,००० टाका, वापरून झिजवलेच आहेत तर हिशोब शून्यावर येतो. वस्तू वापरून परत दिली, म्हणजे टेस्टिंगसाठी दिलेली गाडी सीझन संपल्यावर परत केली, तर तो फायदा धरत नाहीत, पण परत केल्याची सही घ्या.

खर्च लिहायची पद्धत

रोख हा आपल्या खेळाचा शत्रू आहे. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च टॅक्सच्या हिशोबातून पूर्ण बाद, ट्रान्सपोर्टवाल्याला तेवढी मर्यादा ३५,००० आहे. गाडी, गिअरबॉक्स अशी मालमत्ता रोखीनं घेतली तर ती रक्कम किमतीत धरत नाहीत, म्हणजे डेप्रिसिएशनही नाही. आता रॅलीच्या वीकेंडला काय होतं बघा. पुण्याहून नाशिकला गाडी टेम्पोवर चढवली, भाडं रोख. दोन मेकॅनिकना हातात पैसे. लॉजच्या तीन खोल्या, बिल कुणाच्या नावानं ते कुणी बघत नाही. रात्री बारा वाजता लेथवाल्याला उठवून बुश बनवून घेतलं, त्यानं वहीचं पान फाडून आकडा लिहिला. पंपावर पेट्रोल कॅनमध्ये. सोमवारी सकाळी ६० हजार गेलेत एवढंच माहीत असतं, कुठं गेले ते नाही.

यावर उपाय एकच, टीममधला एकजण फक्त पैशाचा. तो यूपीआयनं टीमच्या खात्यातून देतो आणि रिमार्कमध्ये "भाऊ" किंवा "चहा" न लिहिता "नाशिक राउंड २ लेथ" असं लिहितो. ज्याच्याकडे छापील बिल नाही त्याच्याकडून साध्या व्हाउचरवर नाव, गाव, फोन, काम आणि सही. लॉजचं बिल टीमच्या नावानं, खोलीत कोण झोपलं त्याची नावं मागे. सगळ्या कागदांचा फोटो त्याच रात्री, थर्मल प्रिंटची पंपाची पावती तीन महिन्यांत कोरी होते. घरची मंडळी रॅली बघायला आली तर त्यांची खोली आणि जेवण यात घालायचं नाही. हे लोक हमखास करतात आणि पकडलं गेलं की एका खोलीच्या बिलापायी अख्खी फाईल संशयात जाते.

टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बुश, ऑइल, डेंटिंग-पेंटिंग, एंट्री फी, टोइंग हे त्या वर्षाचा खर्च म्हणून सरळ जातं. गाडी, रोल केज, नवीन इंजिन, ट्रेलर हे भांडवली, त्यावर १५ टक्के डेप्रिसिएशन, आणि त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मंच. म्हणजे गाडी घ्यायचीच असेल तर ऑक्टोबर उजाडायच्या आधी घेऊन वापरात आणा. टीएसडी रॅलीवाले, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेत आणि वेगात अंतर कापणारे, घरचीच एसयूव्ही घेऊन उतरतात, त्यांनी किलोमीटरची वही ठेवावी, कारण खासगी वापराचा हिस्सा कापला जातो आणि वही नसली तर किती कापायचा ते अधिकारी ठरवतो. इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, साध्या मोटर पॉलिसीत रेस, स्पीड टेस्टिंग वगैरे बाहेरच ठेवलेलं असतं, उलटलेल्या गाडीचा खर्च तुमचाच. निदान तो रिपेअर म्हणून बिलांसकट नीट दाखवा.

बायको नॅव्हिगेटर आहे आणि तिला फी देताय? छान, पण तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल तर ती फी परत तुमच्याच उत्पन्नात जोडली जाते. तिचं लायसन्स, आधीच्या रॅलींचे निकाल फायलीत ठेवले तर बोलायला जागा राहते. लिआझन रोडवर, म्हणजे दोन स्टेजमधल्या सार्वजनिक रस्त्यावर, पोलिसांनी फाडलेलं चलान खर्चात टाकायचं नाही, कायद्यानं गुन्हा असलेल्या गोष्टीचा खर्च मिळत नाही. स्टुअर्डनं, म्हणजे स्पर्धेच्या पंचानं, लावलेला दंड हा स्पर्धेच्या नियमांचा, सरकारी नव्हे, त्यावर वाद घालता येतो, तो वेगळ्या हेडखाली लिहा.

सोपा रस्ता, ४४एडी, आणि त्यातला खड्डा

उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर पुस्तकं न ठेवता बँकेतून आलेल्या रकमेचा ६ टक्के, रोखीचा ८ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. दीड लाख स्पॉन्सरशिप आली तर ९,००० नफा. नोकरदाराला हे आवडतं आणि बरोबरच आहे, तोटा पगारातून वजा होणारच नसेल तर एवढी वहीखातं कशाला. पण एकदा या रस्त्यानं गेलात आणि पुढच्या पाच वर्षांत कधी खरा तोटा दाखवायला निघालात तर पाच वर्षं ही सवलत बंद आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट. पगारदाराचं उत्पन्न त्या वर असणारच. म्हणजे पहिल्या वर्षी सोपं म्हणून ४४एडी आणि तिसऱ्या वर्षी गाडी उलटली म्हणून तोटा, असं चालत नाही. पुढं वर्कशॉप किंवा अकॅडमी काढायचा विचार पक्का असेल तर पहिल्या वर्षापासून खरी पुस्तकं ठेवा, कारण साठवलेला तोटा तेव्हाच कामाला येणार.

टीम बंद करताना

गाडी विकलीत की ती किंमत डेप्रिसिएशनच्या ब्लॉकमधून, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या एकत्र हिशोबातून, वजा होते. ब्लॉकमध्ये दुसरं काही नसेल आणि शिल्लक किमतीपेक्षा जास्त आले तर तो शॉर्ट टर्म भांडवली नफा, कमी आले तर तोटा, आणि हा तोटा शेअर वगैरेच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. विक्रीचे पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा जास्त रोख घेतले तर जेवढे घेतले तेवढाच दंड बसू शकतो. आरसी ट्रान्सफर झाल्याची पावती ठेवा. स्पेअर, जुने टायर, रिम विकले तर तेही उत्पन्न.

धंद्याचा साठलेला तोटा मात्र टीमबरोबर मरत नाही. पूर्वी तोच धंदा चालू असायची अट होती, ती काढून बरीच वर्षं झाली. टीम बंद करून तीन वर्षांनी त्याच पॅनवर ट्यूनिंगचं दुकान काढलं तर त्या नफ्यातून जुना तोटा वजा करता येतो, आठ वर्षांच्या आत असेल तर. म्हणून मधल्या काळात धंदा नसला तरी रिटर्न मुदतीत भरत राहा आणि रिटर्नमधल्या शेड्युल सीएफएलमध्ये, म्हणजे पुढे ओढलेल्या तोट्याच्या तक्त्यात, प्रत्येक वर्षाचा तोटा वेगळा पुढे आलाय ना ते सबमिट करायच्या आधी स्वतः उघडून बघा.